बोकडाची चौकशी

साबण लागला, हे कुणालाच खरं वाटत नाही.
दारातल्या माणसानं सांगितलं, अंगावर धातू नको.
चिल्लर, घड्याळ, चाव्या, चष्म्याची पितळी साखळी
मी मुकाट काढून तबकात ठेवली,
पण लग्नाची अंगठी एकोणतीस वर्षांत
बोटाचंच हाड होऊन बसलेली.
मग नाझारेथ, वय एकाहत्तर, औषधांच्या दुकानाचा मालक,
माझा हात नळाखाली धरून
भांड्यांच्या साबणानं चोळत राहिला,
आणि आत, बंद दाराआड, ती गूढ बंधुसभा
खोळंबून खोकत होती.

म्हापशात तिला फार्मासनांचं घर म्हणतात.
लहानपणी शुक्रवारच्या बाजारातून परतताना
त्या फाटकाशी आलो की आई माझं मनगट आवळायची,
दुसऱ्या हातात मयड्याची केळी.
आत कवटी आहे म्हणे. आत रक्तानं सही करतात.
आत बोकड आहे, त्याच्या ढुंगणाचा मुका घ्यावा लागतो,
आणि आत गेलेला बाहेर येतो
तो गब्बर होऊन, नाहीतर तिरडीवर.
चर्चात पाद्री हेच सांगायचे, देवळात आमचे भटजीही.
एवढ्या एका बाबतीत दोघांचं जुळायचं.

मी गेलो तो फायद्यासाठी गेलो. लिहून टाकतो.
कोलवाळच्या माझ्या जमिनीची फाईल
तीन वर्षं मामलेदार कचेरीत पडून होती
आणि कुणीसं म्हणालं, मामलेदार आतला आहे.

डोळ्यांवरची पट्टी सुटली तेव्हा तो समोरच होता,
कुंकळ्येकर, पांढऱ्या एप्रनमध्ये,
आणि माझी पँट एका बाजूनं गुडघ्यापर्यंत दुमडलेली,
पाय काटकुळा, केसाळ, उजेडात नवखा.
त्यानं माझा हात हातात घेतला,
जसा घ्यायचा असतो तसा.
तो कसा, ते मी सांगणार नाही.
सांगितलं तर तुम्ही म्हणाल, एवढंच?

एवढंच.
सोमवारी त्यानं फाईल परत पाठवली:
एक-चौदाचा ताजा उतारा जोडावा.
खाली नेहमीची गोल सही.
बुधवारी रात्री माझ्या ताटात त्यानंच शागुती वाढली,
विचारलं, उतारा मिळाला का,
आणि तलाठ्याच्या कुठल्या खिडकीशी किती वाजता उभं राहायचं
ते नीट समजावलं.
मी मनातल्या मनात त्याची आई-माई काढली.
शागुती कोंबडीची होती.

गुपितं म्हणाल तर वर्षभरात ही हाती आली:
छप्पर दक्षिणेकडून गळतं, कंत्राटदार फोन उचलत नाही.
धर्म आणि राजकारण आत आणायचं नाही असा नियम,
म्हणून सगळे मासळीच्या भावावरून भांडतात.
पाठांतर इतकं, की बासष्टाव्या वर्षी मी न्हाणीत पुटपुटतो
आणि शालन दाराबाहेरून ओरडते,
मंत्र चालू दे, पण गरम पाणी संपवू नको.

आणखी एक आहे.
दर जूनमध्ये एक पाकीट शिवोलीला जातं,
कुणाच्या तरी मुलीची फी.
कुणाच्या, ते एकालाच ठाऊक असतं
आणि तो एक दरवर्षी बदलतो.
यंदा मी.
स्कूटर लांब उभी केली.
बाल्कांवात बसून ती गणित सोडवत होती,
पेन्सिल चावत, एक चप्पल पायात, एक खाली पडलेली.
पाकीट पेटीत सरकवून वळलो.
घरी शालननं विचारलं, कुठे होतास?
गप्प राहणं मला कधीच जमलं नव्हतं.
म्हटलं, टायर पंक्चर झाला.

सलूनवाला बाबुसो दर महिन्याला माझी मान वाकवून विचारतो,
"कितें रे बाब, बोकडाक उमो दिलो मरे?"
वस्तरा मानेवर असताना वाद घालणारा मी नव्हे.
"दिलो," म्हणतो. "दोनदां."
आरशातून तो माझ्याकडे आदरानं बघतो
आणि दहा रुपये कमी घेतो.

फाईल अजून कचेरीत आहे.